पाच मिलिग्रॅमपासून शून्यापर्यंत

‘स्टेरॉईड’ हा शब्द घरात उच्चारला गेला, की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. एक पक्ष म्हणतो, "अगंबाई, ते तर विष! आजच्या आज बंद कर." दुसरा पक्ष मान हलवून म्हणतो, "एकदा लागली की सुटत नाहीत हो ती. आता जन्माची सोबत!" दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. पहिला तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. या दोन टोकांच्या मधून एक लांबलचक, संथ उताराची वाट जाते. ती वाट उतरायला मला चौदा महिने लागले.

साडेतीन वर्षे मी संधिवातासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेत होते. सांध्यांसाठी दिलेल्या पहिल्या औषधाने माझ्या यकृताला त्रास होऊ लागला, ते बदलावे लागले आणि दुसरे लागू पडेपर्यंत या गोळ्यांनीच मला हिंडते-फिरते ठेवले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण एवढ्या काळात माझ्या शरीरातली, त्याच जातीचा रस तयार करणारी ग्रंथी मात्र निजून गेली. ती जागी कशी झाली आणि ती निजलेली असताना घरच्यांनी काय काय सांभाळले, ते येथे सांगायचे आहे. दमा, संधिवात, त्वचेचे विकार, मूत्रपिंडाचे विकार अशा किती तरी दुखण्यांवर ही औषधे दिली जातात. ती घेणारे एखादे माणूस तुमच्याही नात्यागोत्यात असेलच.

अर्ध्या तोळ्याची ग्रंथी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डॉक्टरमंडळी अॅड्रिनल म्हणतात. एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा तोळा. पण सोन्याहून मोलाचे असे एक संप्रेरक ती रोज तयार करते. त्याचे नाव कॉर्टिसोल. रक्तदाब सावरून धरणे, रक्तातील साखर फार उतरू न देणे, आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया असे संकट आले की शरीराला उभे ठेवणे ही त्याची कामे. पहाटे त्याचा साठा चढू लागतो, सकाळी उठण्याच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि मध्यरात्री सर्वांत कमी.

ही ग्रंथी आपल्या मनाने काम करीत नाही. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग असतो. रक्तात कॉर्टिसोल कमी पडले की तो पीयूषिका ग्रंथीला सूचना देतो. पीयूषिका एसीटीएच नावाचा निरोप रक्तातून खाली धाडते आणि तो पोहोचला की अधिवृक्क ग्रंथी कामाला लागते.

आमच्या डॉक्टरांनी मला हे एका वाक्यात समजावले होते. ते म्हणाले, "घरात रोज बाहेरून भरलेला डबा येऊ लागला, तर चूल कोण पेटवणार?" गोळ्यांच्या रूपाने डबा येत होता. रक्तात भरपूर माल दिसत होता. मग अधश्चेतकाने सूचना देणे थांबवले, पीयूषिकेने निरोप धाडणे थांबवले, आणि निरोपच येईना म्हणून अधिवृक्क ग्रंथी हळूहळू आक्रसली. चूल थंडावली.

चूलच फुटली तर तो प्राथमिक दोष. लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली वर्णन केलेला आजार तो हाच. त्या काळी त्याचे मोठे कारण क्षयरोग हे होते. चूल धड असून निरोप येत नसेल तर तो दुय्यम दोष. पहिल्यात त्वचा काळवंडते, म्हणून निदान डोळ्यांना दिसते तरी. दुसऱ्यात तसे काही होत नाही. थकवा, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, उठताना भोवळ, वजन उतरणे, एवढेच. यातले प्रत्येक लक्षण ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडून देण्याजोगे असते, आणि तेच धोक्याचे.

आनंद आणि धडा

या औषधांची जन्मकथाही संधिवातापाशीच सुरू होते. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये, डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला ‘कंपाऊंड ई’ नावाच्या द्रव्याची इंजेक्शने दिली. काही दिवसांतच ती मोकळेपणाने चालू-फिरू लागली. हेच पुढे कॉर्टिसोन म्हणून प्रसिद्ध झाले. हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगापासून पारितोषिकापर्यंत अवघी दोन वर्षे!

पण आनंदाच्या मागोमाग धडाही आला. १९५२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापून आली. संधिवातासाठी त्याला कॉर्टिसोन दिलेले होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच त्याचा रक्तदाब कोसळला आणि तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. शस्त्रक्रियेसारखा प्रसंग आला की निरोगी ग्रंथी कॉर्टिसोलचे उत्पादन कितीतरी पटींनी वाढवते. त्याच्या ग्रंथींना ते जमले नाही.

‘आजच्या आज बंद कर’ म्हणणाऱ्या मंडळींना मी नेहमी हीच हकीकत सांगते.

भूक लागली पाहिजे, उपासमार नको

दुसऱ्या औषधाने माझे सांधे ताब्यात आले, तेव्हा सांध्यांच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दहा मिलिग्रॅमवरून साडेसातवर आणि मग पाचवर आणले. पाच हा आकडा महत्त्वाचा. निरोगी माणसाचे शरीर दिवसभरात जेवढे संप्रेरक तयार करते, साधारण तेवढ्याच्या जवळपास तो येतो. त्याच्या वर असेपर्यंत उतार दुखण्याच्या मानाने ठरतो. त्याच्या खाली आले की ग्रंथीच्या मानाने. म्हणून पाचवर मला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.

त्यांनी प्रेडनिसोलोनच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिले. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. हे शरीरातल्या कॉर्टिसोलचेच रूप, आणि त्याचा अंमल काही तासांत ओसरतो. सकाळी उठल्याबरोबर एक गोळी, दुपारी एक लहान गोळी, संध्याकाळनंतर काही नाही. यामागचे कारण मला फार आवडले. रात्रभर रक्तात बाहेरचा माल नसला, की पहाटे मेंदूला तुटवडा जाणवतो आणि तो जुनी सवय आठवून निरोप धाडू पाहतो. "ग्रंथीला भूक लागली पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "पण तुमची उपासमार होता कामा नये. सगळी कला एवढ्यातच आहे."

उतरण म्हणजे नुसते आकडे नव्हेत. वीसवरून पंधरावर आले आणि आठवडाभरात अंग मोडून आल्यासारखे झाले. दंड, मांड्या, मनगटे दुखू लागली. सकाळी चहाचा कप उचलताना रडू यायचे, आणि ते दुखण्यापेक्षा उगाचच यायचे. मला वाटले, संधिवात उलटला. डॉक्टरांनी रक्त तपासले तर दाह वाढल्याचे कुठलेच चिन्ह नव्हते. जास्त मात्रेची सवय झालेल्या शरीराला नेहमीपुरता डोसही कमी वाटतो. त्याला ‘स्टेरॉईड विथड्रॉवल’ म्हणतात आणि तो काही आठवड्यांत शमतो. आम्ही त्याच पायरीवर महिनाभर जास्त थांबलो. तेवढ्यात शरीराची समजूत पटली.

थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे मी त्या महिन्यात शिकले. आमच्या यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजची मात्रा लिहायला सुरुवात केली होती. एकाच आकड्याची लांबलचक ओळ पाहून मला कंटाळा येई. हे म्हणत, "अगं, मुरंब्याची बरणी रोज उघडून पाहिली तर तो लवकर मुरतो का?"

सकाळी आठची परीक्षा

ग्रंथी जागी होते आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल मोजतात. आदल्या दुपारची गोळी आणि त्या सकाळची गोळी घ्यायची नाही, नाहीतर बाहेरचा डबाच मोजला जायचा. गोळी पर्समध्ये ठेवायची आणि रक्त देऊन होताच तिथेच घ्यायची. अर्थात हे सगळे डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आपल्या मनाने गोळी चुकवायची नाही.

आपल्या प्रयोगशाळा हा आकडा मायक्रोग्रॅममध्ये देतात. पाचाच्या आत आला तर ग्रंथी अजून निजलेली. गोळ्या चालू ठेवायच्या आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहायचे. पाच ते दहाच्या मध्ये आला तर ती कूस बदलते आहे. दहाच्या वर गेला तर ती जागी झाली असे धरून गोळी थांबवता येते. मधल्या आकड्यांत शंका असेल, तर एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी हाकेला ओ देते का, तेही तपासतात.

माझा पहिला आकडा होता २.१. चार महिन्यांनी ४.६. तो कागद हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यातच बसले. चार महिन्यांत अडीच! डॉक्टरांनी मात्र तो पाहून टेबलावर थाप मारली. "वरती निरोप लिहायला सुरुवात झालीय बाई! खालची उठायला वेळ लावणार, एवढंच."

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक आकृती काढून दाखवली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉ. ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हा क्रम शोधून काढला होता. दीर्घकाळ दबलेली ही साखळी मोकळी झाली, की पहिल्या महिन्यात वरचा निरोपही कमी आणि खालचे उत्पादनही कमी. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात पीयूषिका जागी होते. इतकी, की एसीटीएच नेहमीपेक्षाही जास्त असते. पण आक्रसलेली अधिवृक्क ग्रंथी तरीही मागेच राहते. सहाव्या ते नवव्या महिन्यात तीही सावरते आणि त्यानंतर दोघींचा मेळ बसतो. म्हणजे मधले कित्येक महिने वरची हाका मारत असते आणि खालची डोळे चोळत असते. कुणाला यापेक्षा कमी काळ लागतो, कुणाला वर्ष-दोन वर्षेही.

आठव्या महिन्यात माझा आकडा आला ७.८.

घरातला लाल डबा

ग्रंथी निजलेली असेपर्यंत जो नियम चुकवायचा नाही, तो आजारपणाचा. ताप आला तर त्या दिवसांपुरती गोळी दुप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे शंभर मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि तडक रुग्णालय. दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत काहीही करायचे असेल, तर आधी सांगायचे. आणि पर्समध्ये एक कार्ड ठेवायचे: ‘मला स्टेरॉईडची गरज आहे, आणीबाणीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम व सलाईन तातडीने द्यावे.’

आमच्या सूनबाईने बिस्किटांच्या एका लाल डब्यात औषधाची बाटली, पाणी, सुई, कापूस आणि डॉक्टरांची चिठ्ठी असे सगळे भरून ठेवले होते. डॉक्टरांच्या परिचारिकेकडून ती संत्र्यावर सुई टोचायला शिकून आली होती. नातू त्या डब्याला ‘आजीची फायर ब्रिगेड’ म्हणे. आम्ही हसत असू.

पाचव्या महिन्यात, गौरींच्या दुसऱ्या दिवशी, माझे पोट बिघडले. रात्री अकरापर्यंत तीन उलट्या झाल्या. दुप्पट घेतलेली गोळीही बाहेर पडली. हातपाय गार, तोंडाला कोरड, आणि मला कुणाशी बोलायचीच इच्छा उरली नाही. सूनबाईने तेवढे पाहिले आणि डबा उघडला. तिचे हात थरथरत होते, पण पावडर पाण्यात कालवून तिने मांडीत इंजेक्शन दिले. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा माझा रक्तदाब ऐंशीवर पन्नास होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने कार्ड वाचले, एकही जादा प्रश्न विचारला नाही आणि सलाईन लावले. पहाटे मी त्याच्याकडे चहा मागितला.

चार चमचे मीठ-साखरेच्या पाण्याने बरे होणारे ते दुखणे. निजलेल्या ग्रंथीच्या माणसाला तेच काही तासांत नेऊ शकते. म्हणून हा नियम रुग्णाला एकट्याला नव्हे, घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. कारण ऐनवेळी रुग्णाला बोलायचेही त्राण नसते.

ताकदीची औषधे

मी थकलेली दिसते म्हणून शेजारणी अश्वगंधा घेऊन आल्या, कुणी ज्येष्ठमधाचा काढा सांगितला, कुणी ‘ग्रंथी बलवान करणाऱ्या’ गोळ्यांची जाहिरात दाखवली. मी सगळे डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांचे उत्तर सरळ होते: अधिवृक्क ग्रंथीला घाईने उठवणारे औषध आजही उपलब्ध नाही. ज्येष्ठमध तर कॉर्टिसोलच्या कामात ढवळाढवळ करतो. फार घेतला तर रक्तदाब चढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. वेळेवर जेवण, पुरती झोप, झेपेल तेवढे चालणे आणि धीर, एवढीच टॉनिके.

त्याहून वाईट ते लपलेले स्टेरॉईड. गुडघ्यांवर किंवा दम्यावर ‘एका पुडीत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत ते सापडलेले आहे. गोरे होण्यासाठी वर्षानुवर्षे चोपडल्या जाणाऱ्या काही मलमांतही ते असते. २०१८ साली अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास सरकारने मनाई केली ती उगाच नव्हे. पुडी घेणाऱ्याला आपण काय घेतो हेच ठाऊक नसते. पुडी संपली, की तो सगळ्यांत धोक्याच्या कड्यावर उभा असतो आणि कार्डही त्याच्याजवळ नसते.

मात्र याचा अर्थ औषधाची धास्ती घ्यावी असा नव्हे. २०२४ साली युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून दिलेल्या सूचनांनुसार, तीन-चार आठवड्यांहून कमी काळ घेतलेल्या गोळ्या अशा पायरी-पायरीने उतरवण्याची गरज सहसा पडत नाही. आणि दम्याचा फवारा ऐकीव भीतीने बंद करणे हा तर निव्वळ अविचार.

ज्यांची गोळी सुटत नाही

दवाखान्याच्या बाकावर माझी एका बाईंशी ओळख झाली. सांगलीकडच्या, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दुसऱ्या बाळंतपणात त्यांना अतोनात रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण अंगावर दूध आले नाही, पाळी परत आली नाही. सतत थंडी वाजे, दुपारपर्यंत अंथरूण सुटत नसे. अकरा वर्षे घराने त्यांना आळशी म्हटले. पुढेपुढे त्या स्वतःही म्हणू लागल्या. रक्तस्रावाने पीयूषिका ग्रंथीच करपून गेली होती. डॉ. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली वर्णन केलेला हा आजार. यात निरोप लिहिणारीच उरत नाही. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन सहसा जन्मभर घ्यावे लागते. त्यांना थायरॉईडची गोळीही लागत होती, पण डॉक्टरांनी आधी हायड्रोकॉर्टिसोन देऊन मगच ती सुरू केली. क्रम उलटा झाला तर रुग्ण कोसळू शकतो.

"ताई, पहिल्या आठ दिवसांत मी एकटीनं शंभर पोळ्या लाटल्या," त्या सांगत होत्या. "सासूबाई नुसत्या बघत राहिल्या." मग माझ्या कागदावरचा आकडा पाहून म्हणाल्या, "तुमची गोळी सुटणार. माझी नाही सुटायची. पण मला त्याचं काही वाटत नाही बघा. गोळीनंच मला माणसांत आणलं."

त्या दिवसापासून शून्याचा हट्ट माझ्या मनातून गेला. ग्रंथी उठली तर उत्तम. न उठली तर गोळी आहे. हट्ट गेल्यावर उरलेले महिने कसे गेले ते कळलेही नाही. तेराव्या महिन्यात आकडा आला ११.४. चौदाव्यात डॉक्टरांनी सकाळची शेवटची, पाच मिलिग्रॅमची गोळी थांबवली आणि बजावले, "कार्ड मात्र अजून वर्षभर पर्समध्ये राहू द्या. मोठं आजारपण आलं तर आम्हाला कळवा."

ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. ती आपल्या मनाने बंद करू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून तिला जन्मठेपही समजू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ही कमी करता येईल का, किती सावकाश, आणि मध्येच ताप किंवा उलट्या झाल्या तर आम्ही घरी काय करायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या नजरेस पडेल असे लावून ठेवा.